एपी लिटरेचरच्या तयारीसाठी कॉलेज बोर्डाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका: एका शिक्षिकेचा अभिप्राय

हिवाळ्याची सुट्टी संपली की बारावीतल्या मुलांचे आईवडील मला विचारायला लागतात, "एपी इंग्लिश लिटरेचरसाठी कोणतं पुस्तक आणू?" एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय आणि त्याची परीक्षा. मी अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. पुस्तक इतक्यात आणू नका. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या एपी सेंट्रल या संकेतस्थळावर आधीच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न ठेवलेले आहेत. त्यांच्याबरोबर मुलांनी प्रत्यक्ष परीक्षेत लिहिलेली काही उत्तरंही आहेत, मिळालेल्या गुणांसकट आणि ते गुण का दिले याच्या खुलाशासकट. त्यासाठी लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. पीडीएफ उघडायची आणि वाचायला बसायचं.

मी हे साहित्य वर्गात सतत वापरते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत मुलांच्या गणित-विज्ञानाच्या तयारीचा अंदाज आईवडिलांना असतो, पण इंग्रजी साहित्याचा निबंध तपासतात तरी कसा, हेच माहीत नसतं. "चांगलं इंग्रजी लिहिलं की मार्क मिळतात" अशी समजूत असते. ती समजूत मुलांचं नुकसान करते, आणि ती दूर करायला या उत्तरपत्रिकांइतकं उपयोगी साहित्य माझ्या पाहण्यात नाही.

आधी परीक्षेची रचना थोडक्यात सांगते. परीक्षा तीन तासांची असते. पहिल्या तासात पाच उताऱ्यांवरचे ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्याला ४५ टक्के भारांश. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध, त्यांना ५५ टक्के. पहिला निबंध समोर दिलेल्या कवितेवर, दुसरा दिलेल्या गद्य उताऱ्यावर आणि तिसरा मुलाने स्वतः निवडलेल्या एखाद्या कादंबरीवर किंवा नाटकावर. प्रत्येक निबंधाला साधारण ४० मिनिटं धरायची. सगळ्याचा मिळून शेवटी १ ते ५ मधला एक आकडा हातात येतो. २०२५ पासून ही परीक्षा पूर्णपणे ब्लूबुक या अ‍ॅपवर होते, म्हणजे निबंधही टाइप करायचा असतो.

एपी सेंट्रलवर प्रत्येक वर्षाच्या संचात चार गोष्टी पाहायच्या. प्रश्नपत्रिका, गुणदानाचं रुब्रिक, नमुना उत्तरं आणि त्यांवरची कॉमेंटरी, आणि चीफ रीडर रिपोर्ट. नमुना उत्तरं बहुधा प्रत्येक प्रश्नाला तीन असतात, ए, बी आणि सी अशी. वरच्या दर्जाचं एक, मधलं एक, कमी गुणांचं एक. उत्तर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, पण लिखाण जसंच्या तसं असतं. परीक्षा कागदावर होत होती त्या वर्षांच्या उत्तरांची तर हस्ताक्षरातली स्कॅनच आहेत: खोडलेले शब्द, समासात बाणाने घुसवलेली वाक्यं, शेवटी घाईत वाकडं होत गेलेलं अक्षर. मला ही स्कॅन फार मोलाची वाटतात. छापलेलं आदर्श उत्तर बघून मुलं दबून जातात. पण आपल्याच वयाच्या कुणीतरी ४० मिनिटांत, खाडाखोड करत लिहिलेलं आणि तरीही पूर्ण गुण मिळवलेलं उत्तर बघितलं, की "एवढं तर मलाही जमेल" असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

आता रुब्रिक, कारण सगळं त्यावरच उभं आहे. प्रत्येक निबंध सहा गुणांचा. पहिली ओळ थीसिसची, एक गुण. दुसरी ओळ पुरावे आणि त्यांवरचं विवेचन यांची, चार गुण. तिसरी ओळ, ज्याला ते सोफिस्टिकेशन म्हणतात, म्हणजे विचाराची खोली, एक गुण. थीसिसचा गुण मिळवणं सगळ्यात सोपं आहे. प्रश्नाला उत्तर देणारं, बाजू मांडता येईल असं अर्थनिर्णयाचं विधान हवं, आणि ते निबंधात कुठेही आलं तरी चालतं. नुसता प्रश्न फिरवून लिहिला तर मात्र तो गुण जातो. खरी कमाई आहे ती मधल्या चार गुणांत.

तिथली पायऱ्यांची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. पुरावे मोघम आणि विवेचनाच्या नावाखाली उताऱ्याचाच सारांश, असं असेल तर एक गुण. काही नेमके पुरावे आहेत, त्यांतल्या काहींचा मुद्द्याशी संबंध जोडलाय, पण युक्तिवादाचा धागा नीट विणलेला नाही, तर दोन. धागा आहे आणि निदान एक साहित्यिक घटक अर्थ कसा घडवतो हे समजावून सांगितलंय, तर तीन. हेच विवेचन सातत्याने, एकापेक्षा जास्त घटकांच्या आधाराने केलंय, तर चार. कुठेही "अलंकार ओळखा" असं नाही. अलंकाराचं नाव लिहिण्याला वेगळा गुणच नाही. रूपक आहे, अनुप्रास आहे, प्रतिमा आहे अशी जंत्री करून मुलं अर्धं पान भरतात आणि एक-दोन गुणांवर अडकतात. व्याकरणाच्या किरकोळ चुकांचे गुण कापत नाहीत, हेही इथे कळतं. चुकांमुळे अर्थच लागेनासा झाला, तरच या ओळीतला चौथा गुण हुकतो. घरी मराठी बोलणाऱ्या आणि आपल्या इंग्रजीबद्दल धास्तावलेल्या मुलांना मी हे आवर्जून दाखवते.

ही पायरी नुसती वाचून दाखवली तर मुलांच्या डोक्यावरून जाते. म्हणून उत्तरपत्रिका उघडण्याआधी मी फळ्यावर माझं स्वतःचं एक वाक्य लिहिते. इंग्रजीतच अर्थात, पण त्याचा आशय असा: टेबलाशी तिनं चार खुर्च्या ओढल्या, जरा थांबली, आणि त्यातली एक उचलून परत भिंतीशी नेऊन ठेवली. यावर दोन ओळी लिहा म्हटलं की बहुतेक वह्यांत येतं, "लेखिकेने प्रतिमेचा वापर करून पात्राचे दुःख प्रभावीपणे व्यक्त केले आहे." हे वाक्य जगातल्या कुठल्याही दुःखी उताऱ्याखाली चिकटवता येईल. मग मी विचारते, दुःख कुठे दिसलं? खुर्चीत. ठीक. तिनं सुरुवातीलाच तीन खुर्च्या ओढल्या असत्या तर? वर्ग थोडा वेळ गप्प बसतो. मग कुणीतरी म्हणतं, मग कुणी कमी झालंय हे कळलंच नसतं. अगदी बरोबर. दुसरं कुणी म्हणतं, हात आधी चालले, आठवण मागून आली. आणखी एक जण म्हणते, तिनं ती खुर्ची खोलीबाहेर नाही नेली, भिंतीशीच ठेवली, म्हणजे ती डोळ्यांसमोरच राहणार. इथे पोचलो की "दुःख" हे उत्तर मुलांना स्वतःलाच तोकडं वाटायला लागतं. सवय अजून चार माणसांची आहे आणि माहिती तीन माणसांची, या दोन्हींमधली ओढाताण लेखिकेनं एकही भावनावाचक शब्द न वापरता फक्त कृतींच्या क्रमातून दाखवली, असं ती लिहितात. चार गुणांचं विवेचन म्हणतात ते हे. यानंतर नमुना उत्तर हातात दिलं की त्यात काय शोधायचं ते त्यांना कळलेलं असतं.

उत्तरपत्रिका वापरायची माझी पद्धत अशी. गुण आणि कॉमेंटरीची पानं काढून ठेवते. ए, बी, सी ही अक्षरं झाकते आणि तिन्ही उत्तरं उलटसुलट क्रमाने वाटते. सोबत रुब्रिकचं एक पान. मुलांनी जोडीने गुण द्यायचे, आणि प्रत्येक गुणासाठी उत्तरातल्या एका वाक्यावर बोट ठेवून दाखवायचं. "छान लिहिलंय" चालत नाही. सगळ्यात कमी गुणांचं उत्तर सगळे ओळखतात, त्यावर वेळ घालवत नाही. जुंपते ती वरच्या दोघांत.

एका कवितेच्या प्रश्नावर अशीच जुंपली होती. एक उत्तर भारदस्त शब्दांनी भरलेलं, सफाईदार, वळणदार अक्षरातलं. दुसरं अगदी साध्या इंग्रजीतलं, वाक्यं आखूड, दोन-तीन ठिकाणी काळाची गडबड. वर्गातल्या बहुतेक जोड्यांनी पहिल्याला जास्त गुण दिले. एक शांत मुलगी मात्र अडून बसली. तिनं पहिल्या उत्तरातला परिच्छेद मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "यातलं प्रत्येक वाक्य कवितेत काय घडतं तेच सांगतंय. कवितेनं ते तसंच का सांगितलं, हे एकदाही नाही." मग दुसऱ्या उत्तरातला परिच्छेद वाचला. कवितेच्या मधोमध वाक्यांची लांबी अचानक कमी होते, आणि तिथूनच बोलणाऱ्याचा आत्मविश्वास ढळायला लागतो, असं त्या मुलानं साध्या शब्दांत लिहिलं होतं. मी कॉमेंटरीची पानं वाटली. तिचं म्हणणं आणि तपासणाऱ्यांचं म्हणणं एकच होतं. त्या दिवसानंतर वर्गातल्या मुलांचे निबंध बदलले. भारदस्त विशेषणं कमी झाली आणि "कारण" ने सुरू होणारी वाक्यं वाढली.

कॉमेंटरीबद्दल एक सांगायला हवं. ती प्रत्येक ओळीचे गुण वेगळे दाखवते, एक-चार-एक किंवा एक-दोन-शून्य असे, आणि मग त्यांचं कारण देते. या वेगळेपणाचा फायदा मोठा आहे. "तुझा निबंध ठीक आहे" या वाक्यातून मुलाला काहीच मिळत नाही. "थीसिस पक्का आहे, पुरावे नेमके आहेत, पण तिसऱ्या परिच्छेदातला पुरावा थीसिसकडे परत येत नाही" असं म्हटलं की पुढचा निबंध लिहिताना काय करायचं ते कळतं. मी आता मुलांच्या निबंधांवर अभिप्राय लिहिताना याच साच्यात लिहिते, आणि मुलंही एकमेकांचे निबंध तपासताना तीच भाषा वापरतात. कॉमेंटरीची भाषा मात्र थोडी ठरीव आहे. "लाइन ऑफ रीझनिंग" (म्हणजे युक्तिवादाचा धागा) सारखे शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतात आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. एकट्यानं वाचणाऱ्या मुलानं रुब्रिकचं पान शेजारी ठेवूनच वाचावं.

चीफ रीडर रिपोर्ट मुलांना दिला नाही तरी चालेल, पण शिक्षकांनी आणि शिकवणीवाल्यांनी तो वाचायलाच हवा. दर जूनमध्ये कॉलेजचे प्राध्यापक आणि एपी शिकवणारे हायस्कूलचे शिक्षक मोठ्या संख्येनं हे निबंध तपासतात. त्यांचा प्रमुख मग प्रत्येक प्रश्नावर लिहितो: मुलांकडून काय अपेक्षित होतं, त्यांनी काय केलं, कोणते गैरसमज सतत दिसले, वर्गात काय करून घ्यावं. गैरसमजाचा नमुना आणि त्याच ठिकाणी चांगल्या उत्तरानं काय केलं, हे शेजारी शेजारी मांडलेलं असतं. माझ्या वर्षभराच्या नियोजनातले निम्मे धडे या अहवालांतून निघालेत म्हटलं तरी चालेल.

तिसऱ्या प्रश्नासाठी या उत्तरांचा उपयोग वेगळ्या तऱ्हेनं होतो. तिथे उतारा दिलेला नसतो. एक विषय दिलेला असतो, आणि आपण वाचलेल्या कलाकृतीच्या आधारे तो विषय संपूर्ण कृतीच्या अर्थाशी कसा जोडला जातो ते लिहायचं असतं. नुसतं कथानक सांगू नका, असं प्रश्नातच बजावलेलं असतं, तरी मुलं कथानकच सांगतात. नमुना उत्तरांतलं कमी गुणांचं उत्तर बहुधा तिथेच घसरलेलं असतं. मी मुलांना एक काम देते: अशा उत्तरातल्या प्रत्येक वाक्यासमोर "घटना" किंवा "अर्थ" असं लिहा. सगळं पान "घटना, घटना, घटना" असं भरलं की पुढे मला वेगळं समजावावं लागत नाही. आणि यासाठी वीस पुस्तकं वरवर माहीत असण्यापेक्षा तीन-चार पुस्तकं मनापासून, दोनदा वाचलेली असणं हिताचं. एकच चांगली कादंबरी किती वेगवेगळ्या वर्षांच्या विषयांना लागू पडते, हे जुने प्रश्न समोर ठेवून मुलांनी स्वतः पडताळून बघावं.

आता मर्यादा. बहुपर्यायी प्रश्नांसाठी हा संग्रह पुरेसा नाही. निबंधाचे प्रश्न दरवर्षी खुले होतात, बहुपर्यायी होत नाहीत. अभ्यासक्रमाच्या अधिकृत पुस्तिकेत थोडे नमुने आहेत, बाकी एपी क्लासरूम या कॉलेज बोर्डाच्या ऑनलाइन व्यवस्थेत शाळेच्या शिक्षकांमार्फत मिळतात. ज्या मुलाची शाळा हा विषय शिकवत नाही आणि जो स्वतःच्या बळावर परीक्षेला बसतोय, त्याची इथे अडचण होते. अशा मुलानं निदान वेळेचा सराव करावा. पाच उतारे ६० मिनिटांत म्हणजे एका उताऱ्याला १२ मिनिटं, वाचन धरून. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

दुसरं, जुनी उत्तरं जपून वापरा. २०१९ च्या परीक्षेपर्यंत निबंध नऊ गुणांच्या एकत्रित मोजपट्टीवर तपासत. तो आकडा आजच्या सहा गुणांत बदलता येत नाही, आणि ओळवार गुण तिथे नाहीतच. २०२० ची परीक्षा महामारीमुळे घरून, आटोपशीर स्वरूपात झाली. म्हणून गुणांच्या सरावासाठी २०२१ पासूनचे संच घ्या. त्याआधीच्या कविता आणि उतारे मात्र वाचनासाठी उत्तम आहेत, ते टाकून देऊ नका.

तिसरं, सोफिस्टिकेशनचा गुण. रुब्रिकमध्ये त्याचे मार्ग दिले आहेत: कृतीतले ताण आणि गुंतागुंत उलगडणं, अर्थ व्यापक संदर्भात ठेवणं, दुसऱ्या संभाव्य अर्थाचाही विचार करणं, सातत्यानं प्रभावी शैलीत लिहिणं. तरीही नमुना उत्तरं वाचून हा गुण "शिकता" येईल असं मला वाटत नाही. तो एखादं भारी वाक्य शेवटी जोडून मिळत नाही, अख्ख्या युक्तिवादात मुरलेला असावा लागतो. मी मुलांना सांगते, याच्या मागे लागू नका. वरचे पाच गुण पक्के करा.

बाजारातल्या पुस्तकांबद्दल विचारतात म्हणून सांगते. एका जाडजूड गाइडमध्ये साहित्यिक संज्ञांची पानंच्या पानं भरलेली होती, शेजारी व्याख्या आणि पाठांतराची कार्डं. माझ्या एका विद्यार्थ्यानं ती सगळी तोंडपाठ केली. निबंधात संज्ञांची रेलचेल झाली आणि विवेचन आटलं. वाचकाचा दृष्टिकोन, निवेदकाची जागा, विरोधाभास, रचनेतलं वळण अशा मोजक्या संज्ञा वापरता येणं पुरेसं आहे. बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावासाठी एखादं पुस्तक घ्यायचं तर घ्या, पण निबंधासाठी त्यातली प्रकाशकांनी लिहून घेतलेली "आदर्श" उत्तरं वाचण्यापेक्षा खऱ्या मुलांची खरी उत्तरं वाचा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. या उत्तरपत्रिका वाचनाला पर्याय नाहीत. ज्या मुलानं वर्षभर कविता वाचलीच नाही, त्याला रुब्रिक पाठ करून मे महिन्यात कविता उलगडणार नाही. आठवड्याला एक कविता, तीही मोठ्याने, आणि खाली फक्त तीन वाक्यं: कोण बोलतंय, कुठे सूर बदलतो, तो बदल कशामुळे जाणवला. एवढं सप्टेंबरपासून केलं तर वसंतात या उत्तरपत्रिका पुरेपूर कामी येतात.

घरी मदत करणाऱ्या आईवडिलांना स्वतःला साहित्य यावं लागत नाही. मुलाचा निबंध समोर घ्या आणि प्रत्येक दाव्याला विचारा, "हे उताऱ्यात कुठे दिसलं?" त्यानं ओळ दाखवली की विचारा, "आणि त्यानं काय फरक पडला?" ज्या वाक्यावर या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत, तिथे पेन्सिलने खूण करा आणि निबंध परत द्या.

सुरुवात २०२१ नंतरच्या कुठल्याही वर्षाच्या दुसऱ्या प्रश्नापासून करा, म्हणजे गद्य उताऱ्यापासून. कवितेपेक्षा मुलं त्याला कमी बुजतात, आणि पात्रांबद्दल बोलायला त्यांना सहज सुचतं. आधी मुलाला ४० मिनिटं लावून स्वतःचं उत्तर लिहू द्या, नमुने त्यानंतरच दाखवा. कवितेचे प्रश्न महिनाभरानं सुरू केले तरी उशीर होत नाही.